घरचें आरोग्य : टाळाचा ठेका आणि वृद्धांचा तोल

“आजी, तुम्ही उठूं नका, आम्ही आणून देतों,” असें आपण प्रेमानें म्हणतों. परंतु बसून बसून पाय दुबळे होतात, आणि एखादे दिवशीं कुणाच्या हाकेला ओ देतां देतां ओसरीवरच तोल जातो. वृद्धपणीं मोडलेलें मांडीचें हाड पुष्कळदां कायमचें परावलंबन आणतें.

चालणें आणि त्याच वेळीं दुसरीकडे अवधान ठेवणें, हीं दोन कामें एकदम साधण्याचा सराव संगीतानें होतो. जिनीव्हा येथील संगीतशिक्षक एमिल झाक-दालक्रोझ (१८६५-१९५०) यांनीं विद्यार्थ्यांसाठीं एक पद्धति काढली : पियानोच्या लयीवर पावलें टाकावयाचीं, आणि लय बदलतांच चालही बदलावयाची. त्याच शहरांत पडण्याचा धोका असलेल्या, ६५ वर्षांपुढील १३४ जणांवर तिची परीक्षा झाली. निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. आठवड्यांतून एक तास याप्रमाणें सहा महिने शिकलेल्या गटाचें पडण्याचें प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारें निम्मेंच भरलें.

आपल्या घरीं पियानो नसला तरी टाळ आहेत, आणि वारकऱ्यांची पावली कोणास ठाऊक नाहीं? सायंकाळच्या भजनांत नातवानें टाळ धरावा, मध्येंच लय वाढवावी, क्षणभर थांबावें. आजींनीं जड खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याप्रमाणें पावलें टाकावीं. जमीन कोरडी असावी. भोवळ येत असल्यास किंवा हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. आरंभीं दहा मिनिटें पुरेत. मात्र नेम मोडूं नये.