पहिली रायफल कोणाची?

परीक्षा संपल्या, उन्हाळी शिबिरांचे फलक लागले आणि रेंजवरचे फोन वाजू लागले. फी विचारून झाली की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “सर, रायफल कोणती घेऊ? जरा स्वस्तातली सांगा.” १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे ब्राँझ जिंकले. तेव्हापासून असे फोन लहान गावांतूनही येतात. अलीकडे या प्रश्नाला एक शेपूटही जोडलेले असते : “व्हिडिओत दिसते तशी मॅगझिनवाली, भराभर सुटणारी मिळेल का?”

व्हिडिओतली ती रायफल बहुतेक वेळा रुगर १०/२२ असते. १९६४ पासून अमेरिकेत बनणारी ही पॉइंट टू टू सेमी-ऑटोमॅटिक. तिच्या पोटात दहा गोळ्यांचे गोल मॅगझिन असते. गोळी स्वस्त, रचना सोपी, सुटे भाग कुठेही मिळणारे. सुट्टीच्या दिवशी डबे आणि कागद टिपायला निघालेल्या अमेरिकन कुटुंबासाठी ती निवड योग्यच आहे. आपल्याकडे मात्र पॉइंट टू टू म्हटले की परवाना आला, गोळ्यांचा हिशेब आला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, १० मीटर असो वा ५० मीटर, आपल्या रायफल स्पर्धांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. तिथे मॅगझिनचा काही उपयोग नाही. रायफल खाली घ्यायची, श्वास जागेवर आणायचा, पुन्हा भरायची. हा संथपणाच नेमबाजीचा पहिला धडा आहे. भराभर सुटणाऱ्या बंदुकीवर मूल फक्त मॅगझिन रिकामे करायला शिकते.

मग उरते ती एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणे ठरत नाही. गच्चीवरून पक्षी टिपणे हा गुन्हा आहे, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवे. बाजारात तिची दोन टोके दिसतात. एका टोकाला दहा-वीस हजारांतली, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल. महाराष्ट्रातल्या प्रिसीहोलसारख्या कंपन्याही अशा बनवतात. दुसऱ्या टोकाला दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, लाखांच्या घरातली जर्मन मॅच रायफल. पालकांचा हात साहजिकच पहिल्या टोकाकडे जातो आणि आपण प्रशिक्षकही बरेचदा “चालेल” म्हणून मोकळे होतो.

इथे थांबायला हवे. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे झेपावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. पकड जराशी बदलली तरी ग्रुप सरकतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नऊ लागला तो मुलीच्या चुकीने की रायफलीच्या धक्क्याने, हे अनुभवी प्रशिक्षकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा रायफलीने फॉलो थ्रू पक्का होतो, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. ओपन साइट गटात खेळणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ती पुरतेही. पण तिची खरी उणीव वेगळीच आहे : तिच्यावर ड्राय, म्हणजे छर्ऱ्याविना सराव, करता येत नाही. छर्रा न घालता स्प्रिंग सोडली की पिस्टन नळकांड्यावर आदळतो आणि सील खराब होते. मॅच रायफलीत ड्रायची सोय असते. भिंतीवर ठिपका लावून अर्धा तास ड्राय करायला एक पैसाही लागत नाही, आणि नेमका हाच फुकटचा सराव स्वस्त रायफल हिरावून घेते.

छर्ऱ्यांचा हिशेबही मांडून दाखवावा. सराव धरून दिवसाला शंभर छर्रे, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे पाचशेचा डबा आठवड्यात संपला. दोनेक वर्षांत छर्रे, जॅकेट आणि रेंजची फी यांच्यापुढे स्वस्त रायफलीची किंमत किरकोळ वाटू लागते. शिवाय बारा वर्षांचे मूल वाढत असते. आज खांद्याला बसणारा बट वर्षभरात आखूड पडतो. बट आणि गालपट्टी पुढेमागे, वरखाली होत नसेल तर मूल रायफलीच्या मापाने वाकते. ती वाकडी सवय काढायला पुढची दोन वर्षे जातात.

तेव्हा उत्तर दुकानात नाही, आपल्या कपाटात आहे. अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. एनसीसीत रायफल कॅडेटची नसते, युनिटची असते. सराव संपला की कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, परत जाते. क्लबांनी हीच रीत उचलावी. चार वापरलेल्या मॅच रायफली क्लबच्या नावावर घेतल्या, तर वीस मुलांची पहिले सहा महिने सोय होते. मात्र जुनी रायफल घेताना चकाकी न पाहता सिलिंडरवरची तारीख पाहावी. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि दोनशे बारच्या हवेशी खेळही नको. एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांचे टेकूवरून पाच-पाचचे ग्रुप घ्यावेत. प्रत्येक रायफलीची वही ठेवावी : कोणी वापरली, हवा किती भरली, सील कधी बदलले.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. शिफारस करणारा आणि विकणारा हात काही ठिकाणी एकच असतो. विक्रेत्याकडून वाटा घेणाऱ्या प्रशिक्षकाचा सल्ला बरोबर असला तरी तो सल्ला राहत नाही. असा वाटा घेत असाल तर पालकांना आधी सांगा. सांगायला जीभ अडखळत असेल तर घेऊ नका. मूल सहा महिने टिकले, त्याची पोझिशन बसली, उंचीचा अंदाज आला, की मग रायफलीची यादी काढावी. तेव्हा ती आपोआपच छोटी झालेली असते.

तोवर फोनवर एवढेच सांगावे : “आत्ता काही घेऊ नका. शनिवारी मुलीला घेऊन या. बूट तेवढे सपाट तळाचे असू द्या.”