इन्व्हर्टर आला, पण दाराचं काय?

मागच्या एप्रिलमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायला ऑफिसात गेलो होतो. बाहेर अंगाची लाही लाही, आणि आत मॅडम चक्क स्वेटर घालून बसलेल्या! भिंतीवर पाच तारे मिरवणारा नवा कोरा इन्व्हर्टर एसी. आकडा १८. आणि दार विटेचा तुकडा लावून सताड उघडं. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "अरे, इन्व्हर्टर आहे तो. बिल येतच नाही त्याला!"

घोडं पेंड खातं ते इथेच.

मित्रहो, इन्व्हर्टर म्हणजे जादूचा दिवा नव्हे. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर ५० हर्ट्झवर एकाच वेगाने पळतो. खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा सुरू. दर वेळी सुरू होताना करंट असा ओढतो की ट्यूबलाइट डोळा मिचकावते. इन्व्हर्टरमध्ये सप्लायचा आधी डीसी होतो आणि मग मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीने वीज मिळते. ड्राइव्ह्जच्या पेपराला आपण घोकलेलंच प्रकरण! खोली गार होत आली की कॉम्प्रेसर मंद होतो. रेफ्रिजरंट कमी फिरतं, पण कॉइल तेवढीच मोठी असते. त्यामुळे कंडेन्सर आणि इव्हॅपरेटरच्या तापमानांतला फरक घटतो आणि कॉम्प्रेसरचे कष्ट कमी होतात. खरी बचत ही, पार्ट लोडवरची. तोशिबाने १९८१ मध्ये घरगुती इन्व्हर्टर एसी आणला, तेव्हापासून गणित हेच आहे.

ऑफिसला ते छान जुळतं. सकाळी ऊन कमी, लंच टायमाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एसीला पूर्ण ताकद लागतच नाही. पण १८ लावून दार उघडं ठेवलं, तर १८ येणार कधी? बिचारा दिवसभर फुल स्पीडने धावतो. मग जुना काय आणि नवा काय!

तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये सांगितलं. २०२० पासून नवे रूम एसी २४ वरच सुरू व्हावेत असा नियमही आला. त्यांना खाली १८ वर नेतो तो आपलाच अंगठा.

हॉस्टेलच्या खोलीत इस्त्री सापडली की दंड होतो. होऊ दे, नियम तो नियम. पण हिशोब करून बघा. एक किलोवॅटची इस्त्री दहा मिनिटं चालली तर युनिटचा सहावा भाग जळतो. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांत १२ युनिट! दंडाची पावती फक्त एकालाच का?

अर्थात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कॉम्प्युटर लॅबचा रिमोट हातात आला की आपण १८च दाबतो.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. इन्व्हर्टर एसी जरूर घ्या, पण आधी दाराला डोअर क्लोजर लावा, रिमोट २४ वर ठेवा, जोडीला पंखा लावा आणि फिल्टर वेळेवर धुवा. इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरने ऑफिसच्या एका एसीला वेगळा मीटर बसवावा. एक आठवडा १८ आणि दार उघडं, एक आठवडा २४ आणि दार बंद, असं आलटून पालटून दोन महिने रीडिंग घ्यावं आणि नोटीस बोर्डावर लावावं.

आकडे बोलतील. आणि वाचलेल्या पैशांतून रीडिंग रूमचे बंद पंखे दुरुस्त झाले, तर आमची इस्त्रीबद्दल काही तक्रार नाही!