खेळावर बोला, आडनावावर नको

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना जोर चढतो. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या रेषा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भोंगा. स्टंपामागचा पोरगा बॅट्समनला ऐकू जाईल असं म्हणतो, "गड्याचे पाय लटपटायलेत रे, टाक यॉर्कर!" याला क्रिकेटवाले स्लेजिंग म्हणतात. यॉर्करचा असा टोमणा मला मनापासून आवडतो. समोरच्याचं लक्ष उडवणं हाही खेळाचाच भाग.

जत्रेतल्या फडात पैलवान शड्डू ठोकतो, तोंडातून एक शब्द न काढता आव्हान पोचतं. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा अख्खा दम 'कबड्डी कबड्डी' म्हणण्यातच जातो. शिवी द्यायला श्वास उरतो कुठे?

पण २०२३ पासून आरक्षणाच्या वादाने गावंच्या गावं दुभंगली आणि ते विष मैदानातही उतरलं. आऊट होऊन परतणाऱ्या पोराला त्याच्या आडनावावरून, जातीवरून डिवचलेलं मी ऐकलंय. अशा वेळी भोंग्यावरचा समालोचक हसतो आणि पोरं समजतात, हे चालतं. हे चालता कामा नये.

थांबवायचं कुणी? आपल्याच माणसाने. सप्टेंबर २०२२ मध्ये कोईमतूरला दुलीप करंडकाची अंतिम लढत होती, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. यशस्वी जैस्वाल फलंदाज रवी तेजाला सतत डिवचत होता. पंचांनी समज दिली, तरी तो थांबेना. तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. त्याच सामन्यात २६५ धावा काढलेला हा खेळाडू! काही वेळ संघ दहा जणांनिशी खेळला आणि तरीही २९४ धावांनी जिंकला. रहाणेचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं.

बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. खाकीला जे जमलं, ते मैदानाला का जमू नये? आडनाव विसरून खेळाडूला आपलं म्हणणं आपल्याला जमतंही. ६ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. भारत ४ बाद ३२ असा अडकलेला असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा ठोकल्या. त्या रात्री तो आपल्या सगळ्यांचा होता.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवा: जातीवरून बोलणारा खेळाडू त्या सामन्यातून बाद, समालोचक असेल तर माईक बंद. पहिल्या सामन्याच्या नाणेफेकीआधी ती ओळ भोंग्यावरून मोठ्याने वाचून दाखवा.