घरच्या चाचणीतली दुसरी रेघ

एचआयव्हीची चाचणी घरच्या घरी करता येते, याचे आता नवल राहिलेले नाही. अमेरिकेने २०१२ मध्ये ‘ओराक्विक’ हे किट दुकानातून थेट विकायला परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्व-चाचणीची शिफारस केली. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, द्रावणात उभी करायची आणि २० मिनिटे थांबायचे.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत ही तपासणी मोफत होते, समुपदेशनही मिळते. तरी अनेक जण येत नाहीत. बाकावर ओळखीचे कोणी भेटले तर, ही धास्ती असते. अशांसाठी घरची चाचणी उपयोगाचीच आहे. प्रश्न आहे तो निकाल हाती आल्यानंतरचा.

ओराक्विकला परवानगी देताना नोंदवलेली अचूकता अशी: लागण असलेल्या १२ जणांपैकी एकाची लागण निसटते आणि लागण नसलेल्या ५,००० जणांपैकी एकाला ती असल्याचे दिसते. भारतात प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० जणांनी चाचणी केली, तर खऱ्या २० बाधितांपैकी साधारण १८ सापडतील, दोघे सुटतील आणि दोन निरोगी माणसे विनाकारण हादरतील. म्हणून दुसरी रेघ म्हणजे निदान नव्हे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन वेगवेगळ्या किटवर खात्री झाल्याशिवाय निदान सांगत नाहीत.

एकच रेघ आली तरी लगेच निर्धास्त होऊ नये. लागणीनंतर लाळेच्या चाचणीत ती दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. जोखमीचा प्रसंग नुकताच घडला असेल, तर किट मागवत बसू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. प्रतिबंधक औषधे तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात. एआरटी घेणाऱ्यांनी ‘बरा झालो का’ हे पाहण्यासाठी ही चाचणी करू नये. औषधांमुळे ती फसवी येऊ शकते, आणि त्या भरवशावर गोळ्या थांबवणे घातक ठरते.

आणखी एक काळजी आहे. किट घरात आले की ते दुसऱ्यावर लादताही येते: बायकोवर, होणाऱ्या सुनेवर, कामवाल्या मुलीवर. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. पण बंद दाराआड ही संमती कोण तपासणार? किटचा प्रसार करताना सरकारने याचा विचार आधी करायला हवा. प्रत्येक खोक्यावर १०९७ हा मोफत मदत क्रमांक आणि जवळच्या केंद्रापर्यंत जाण्याची वाट मराठीत छापलेली असावी.

एआरटी २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. नियमित गोळ्या घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. दोन रेघा दिसल्या, तर ती रात्र एकट्याने काढू नका. विश्वासातल्या कोणाशी तरी बोला आणि सकाळी केंद्रात या.