नाव एक, वस्तू अनेक

‘समाजमाध्यम’ हा शब्द आज इतका सैल झाला आहे की, त्यात काय बसत नाही हेच सांगणे कठीण व्हावे. सकाळचा सुविचार, गल्लीतील वाद आणि अनेकांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश ही सारी एकाच नावाने ओळखली जातात. शब्द सैल झाला की विचारही सैल होतो. म्हणूनच व्याख्येचा आग्रह धरला पाहिजे.

समूहातील परस्परव्यवहाराला आधार देणारी संगणकीय साधने म्हणजे सामाजिक सॉफ्टवेअर. ही कल्पना कालपरवाची नव्हे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे, दूर बसलेल्या सहकाऱ्यासह एकच मजकूर पडद्यावर हाताळून दाखविला होता. पुढे १९८८ मध्ये रॉबर्ट जोहान्सन यांनी अशा साधनांची विभागणी काळ आणि स्थळ या दोन कसोट्यांवर मांडली. सहभागी माणसे एकाच वेळी काम करतात की निरनिराळ्या वेळी? एकत्र बसून की दूर राहून?

या कसोट्या उपयुक्त आहेत, पण पुरेशा नाहीत. तिसरी कसोटी अशी की, अखेर हाती काय उरते? संदेशगटातील संवाद वाहून जातो. चर्चापीठावर मते एकाखाली एक साचतात, एकजीव होत नाहीत. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये आणलेल्या ‘विकी’ पद्धतीत मात्र सारे जण एकच मजकूर सुधारत जातात. पहिला संवाद, दुसरी चर्चा, तिसरी सहनिर्मिती.

चौथी कसोटी मालकीची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. मालकाच्या एका निर्णयाने असंख्य समूहांचे बिऱ्हाड उठले. याउलट, २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. त्याची प्रत कोणीही जतन करू शकतो.

‘कोणीही लिहितो, मग विश्वास कसा ठेवावा?’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु तेथे संदर्भ मागता येतो, चूक दुरुस्त करता येते, कोणता बदल केव्हा झाला हे पाहता येते. पुढे ढकललेल्या निनावी संदेशाला यांपैकी काय लागू पडते?

ज्ञानकोशकार केतकरांना मंडळ उभारावे लागले, पैसा जमवावा लागला, छपाई सांभाळावी लागली. आज साधन घरोघरी आहे. उणीव आहे ती चिकाटीची. संदेश जरूर पाठवावेत, मात्र त्याला ज्ञानकार्य म्हणू नये. आपल्या गावाविषयीची एक साधार नोंद लिहावी. ती उरेल.