लॅपटॉपची "मेमरी" आणि बापाचे पैसे

मंडळी, परवा पवनारमधलेच ओळखीचे एक काकाजी नवा लॅपटॉप घेऊन घरी आले. सोयाबीनच्या पैशातून पोरीसाठी घेतलेला. पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मोबाईलचं अ‍ॅप बनवायला शिकते. "भाऊ, दुकानदार म्हने ५१२ मेमरी हाय. मंग पोरीचं काम काहून अडते?"

उघडून पाहिलं. ५१२ जीबी ही साठवण. रॅम ८ जीबी, तीही मदरबोर्डवर पक्की बसवलेली. वाढवायची सोयच नाही.

साठवण म्हणजे धान्याची कोठी, रॅम म्हणजे खळं. कोठी कितीही मोठी असो, मळणी खळ्यावरच होते. अँड्रॉइड स्टुडिओसाठी गुगल स्वतःच सांगते: नुसत्या स्टुडिओला किमान ८ जीबी, सोबत एम्युलेटर, म्हणजे संगणकातला नकली मोबाईल, चालवायचा तर १६. सी, पायथन, साध्या वेबसाइटी शिकायला मात्र ८ मध्ये भागतं. म्हणजे सगळ्यांनीच महागडा घ्यावा असं नाही. पोराला नेमकं काय शिकायचं आहे, ते आधी कळायला हवं.

माझा मुद्दा इथेच आहे. प्रवेशाच्या वेळी फी आणि कागदपत्रांची यादी हातात पडते. कोणत्या शाखेला किती रॅम लागेल, ही एक ओळ त्याच यादीत छापायला काय हरकत आहे? त्यात २०२५ च्या अखेरपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव चढलेत. आता चुकीची खरेदी आणखी महागात पडते.

तोवर दुकानात "मेमरी किती?" असं विचारूच नका. तीन प्रश्न विचारा. रॅम किती? पुढे वाढवता येते का, आणि कुठवर? हे बिलावर लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार चाचरला, तर दुसरं दुकान पाहा.

पोरीचं सध्यापुरतं निभावलं. एम्युलेटर बंद ठेवून तिने स्वतःचा मोबाईल केबलने जोडला, अ‍ॅप त्यावरच चालवून बघते. जाताना काकाजी म्हणाले, "हे आंधी कोनं सांगाले पाहिजे होतं, भाऊ?"

दुकानदार त्याच्याकडे आहे तो माल विकणार. पोरीला काय शिकवणार, हे फक्त कॉलेजला माहीत होतं. म्हणून माझं उत्तर: कॉलेजनं. पुढचे प्रवेश सुरू व्हायच्या आत वर्धा-सेवाग्रामच्या कॉलेजांकडे ही एक ओळ मागूया. तुमच्या घरी असं झालं असेल तर खाली लिहा.