तळ दोघांचा, पाणी सगळ्यांचं

ऑफिसात मी ट्रकच्या ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे जहाजांचे लाइव्ह नकाशे उघडून बसायचीही सवय लागलीये. हिंद महासागरात मॉरिशस आणि सेशेल्स यांच्या मधल्या पट्ट्यात एक जागा मी नेहमी झूम करून बघतो. स्क्रीनवर तिथे नुसता निळा रंग दिसतो. पाण्याखाली मात्र साया दे माल्हा नावाचं पठार आहे, साधारण ४०,००० चौरस किलोमीटरचं. काही ठिकाणी त्याच्यावर जेमतेम दहा मीटर पाणी आहे. ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तिथे सागरी गवत उगवतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या सागरी कुरणांमध्ये त्याची गणना होते.

हे पठार आणि आजूबाजूचा तळ मिळून ३,९६,००० चौरस किलोमीटर होतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३. आणि त्याचे मालक कोण? ज्यांची लोकसंख्या एकत्र केली तरी पुणे शहराच्या निम्मी भरत नाही असे दोन देश. गंमत म्हणजे त्यांनी तो वाटून घेतलेला नाही, एकत्र ठेवलाय.

ते कसं जमलं हे कळायला थोडा कायदा लागेल. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) पाणी आणि तळ दोन्हींवर त्या देशाचा आर्थिक हक्क असतो. त्यापुढे पाणी सगळ्या जगाचं. पण शाळेत आपण ज्याला भूखंडमंच म्हणायचो, तो पाण्याखाली आणखी पुढे गेलाय हे सिद्ध केलं तर तेवढ्या तळावर हक्क मिळतो. सिद्ध करायचं मोजमापाने. एक निकष मला फार आवडतो: उतार जिथे संपतो तिथून १०० किलोमीटरवरच्या ठिकाणापर्यंत हक्क सांगायचा असेल, तर तिथे गाळाचा थर किमान १ किलोमीटर जाड हवा. म्हणजे अंतराच्या एक टक्का. यासाठी तळाखाली ध्वनिलहरी सोडून थर मोजतात. ही आकडेवारी घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार नेमलेल्या आयोगाकडे जायचं.

या आयोगाचा एक नियम आहे. शेजाऱ्यांमध्ये वाद असेल, तर त्या सगळ्यांच्या संमतीशिवाय तो अर्ज तपासायलाच घेत नाही. दोन्ही देश वेगवेगळे गेले असते तर फाइल अडकायची शक्यता मोठी होती. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी एकच संयुक्त अर्ज केला, मार्च २०११ मध्ये आयोगाची शिफारस आली आणि १३ मार्च २०१२ ला दोन करारांवर सह्या झाल्या. उत्पन्न निम्मं-निम्मं. वर मंत्र्यांची परिषद, मध्ये संयुक्त आयोग, खाली रोजचं काम बघणारं प्राधिकरण.

एकत्र न गेल्यावर काय होतं याचं उदाहरण आपल्या जवळच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला अफनासी निकितिन नावाचा समुद्रातला डोंगर आहे. त्यावर कोबाल्ट असलेले थर आहेत. ते शोधण्यासाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला. पण श्रीलंकेने २००९ सालीच हा तळ आपला म्हणून दावा टाकून ठेवलाय. अर्ज अडकला.

तर मॉरिशस-सेशेल्सचं कागदावरचं काम खरंच चांगलं झालंय. माझी शंका वेगळी आहे. तळ यांचा, पण वरचं पाणी खुला समुद्र. तिथे कुठल्याही देशाचं जहाज मासे पकडू शकतं. तळाला चिकटून असणाऱ्या जिवांवर हक्क या दोघांचा, पोहणाऱ्या माशांवर नाही. २०१५ च्या सुमारास आग्नेय आशियात नियम कडक झाले तेव्हा थायलंडचे ट्रॉलर इथे येऊन जाळी ओढायला लागले. ट्रॉल जाळं तळावरून घासत गेलं की गवत मुळासकट जातं. म्हणजे मासा कायदेशीर, पण तो धरताना उपटलेलं गवत दुसऱ्याचं!

मग हे पकडायचं कसं? जहाज रेडिओवरून आपली ओळख आणि जागा सांगत असतं, त्याला एआयएस म्हणतात. कॅप्टन ते बंद करू शकतो. मासेमारी जहाजांवर आणखी एक सॅटेलाइट ट्रॅकर असतो, पण त्याचा डेटा जातो जहाजाच्या स्वतःच्या देशाकडे. पाणी यांचं नसल्याने यांना तो हक्काने मागता येत नाही. रडार उपग्रहाला रात्री आणि ढगांतूनही जहाज दिसतं, पण युरोपच्या सेंटिनेल-१ सारखे मोफत डेटा देणारे उपग्रह मुख्यतः जमीन आणि किनाऱ्याच्या प्रतिमा घेतात.

समजा सगळा डेटा मिळाला. तीन-चार नॉट वेगाने जहाज मागेपुढे फिरतंय, म्हणजे ट्रॉलिंग चालू आहे हे अल्गोरिदम सांगेल. जाळं तळाला टेकलं की मधल्या पाण्यातच होतं, हे नाही सांगणार. आमच्या ट्रकचंही तसंच आहे. गाडी ढाब्यावर उभी आहे हे कळतं, माल उतरवला का ते नाही. इथे तर हक्काचा सगळा प्रश्न त्या टेकण्यावरच आहे. पुरावा हवा तर जहाजावर निरीक्षक हवा, नाहीतर आधी आणि नंतर तळाचे फोटो. मे २०१८ मध्ये नॉर्वेचं ‘डॉ. फ्रिड्यॉफ नान्सेन’ हे संशोधन जहाज इथे पाहणी करून गेलं. अशी पाहणी रोज होत नाही.

एक नवी वाट आता उघडलीये. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आणि दोन्ही देश त्यात आहेत. यातून खुल्या पाण्यातही संरक्षित क्षेत्र मागता येतं, म्हणजे ज्या पाण्यावर यांचा हक्क नाही तिथेही नियम लावता येतील. प्रस्ताव सगळ्या सदस्यांसमोर ठेवावा लागेल, मासेमारी संघटनांशी बोलावं लागेल आणि सोबत शास्त्रीय माहिती जोडावी लागेल. सदस्य देशांची पहिली बैठक वर्षभरात घ्यायची आहे. मी जहाजांच्या ठिपक्यांसोबत आता तीही तारीख बघत असतो.